विमा कापून आठवी गाडी घ्यावी का?

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून चाकणला कॉईल (पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या) पोहोचवणाऱ्या एका वाहतूकदारांनी विचारलं आहे: सात दहाचाकी गाड्या आहेत. तीन २०२३ च्या, कर्जावर, हप्ता प्रत्येकी ६८ हजार. दोन २०१९ च्या, दोन २०१३ च्या. शिल्लक ५ लाख आहे आणि आठव्या गाडीच्या डाऊन पेमेंटला ७ लाख हवेत. सातही गाड्यांच्या फुल इन्शुरन्समध्ये स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा प्रीमियम १ लाख ९० हजार येतो. चाकणच्या कारखान्याने नव्या करारात ‘माल पोहोचेपर्यंत पूर्ण जबाबदारी वाहतूकदाराची’ असं कलम टाकलंय, त्यासाठीच्या पॉलिसीचा कोट ४२ हजारांचा आहे. पण त्यांच्या मालाचा मरीन विमा (वाटेतल्या मालाचा विमा) आहेच की. हे सगळं टाळून नुसता थर्ड पार्टी (इतरांच्या नुकसानीपुरता सक्तीचा विमा) ठेवला तर आठवी गाडी याच वर्षी उभी राहते. ठेवावा का?

नको. पण सगळीकडे नको असंही नाही. प्रीमियम कुठे कापायचा हे गाडीच्या वयावर आणि नुकसान कोणाचं होणार यावर ठरवा. जुनी गाडी गेली तर तोटा त्या गाडीच्या किमतीएवढाच होतो. माल गेला तर तोटा दुसऱ्याचा असतो आणि तो तुमच्याकडून वसूल केला जातो.

थर्ड पार्टीत घासाघीस होत नाही, कारण तो दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात २० ते ४० टन एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला ४३,९५० रुपये आहेत, जीएसटी वेगळा. यात इतरांच्या मृत्यू आणि जखमांच्या भरपाईला मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे.

आता करारातलं ते कलम. तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे आणि तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. २००७ चा रस्ते वाहतूक कायदा आणि २०११ चे नियम यांनुसार माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच असते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर भरला असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा हिशोब करू. एका खेपेत १८ टन कॉईल, टनाला ५५ हजार धरले तर माल ९ लाख ९० हजारांचा. भाडं १४ हजार, म्हणजे दहापट १ लाख ४० हजार. ‘पूर्ण जबाबदारी’वर सही केली की कायद्याने दिलेला हा आडोसा तुम्ही आपल्या हाताने काढून टाकता. तेवढ्याच भाड्यात साडेआठ लाखांची जादा जोखीम अंगावर येते, तीही दर खेपेला.

‘त्यांच्या मालाचा मरीन विमा आहेच की’ हे तुम्ही लिहिलंय. आहे, पण तो त्यांच्यासाठी आहे. विमा कंपनी कारखान्याला पैसे देते आणि मग कारखान्याच्या जागी उभी राहून तुमच्यावर वसुलीचा दावा लावते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये ‘इकॉनॉमिक ट्रान्स्पोर्ट’च्या खटल्यात हा हक्क नीट मांडला आहे. २००७ च्या कायद्याखाली तुमचा निष्काळजीपणा समोरच्याला सिद्धही करावा लागत नाही.

म्हणून आधी कारखान्याशी बोला. त्यांच्या मरीन पॉलिसीत ‘वाहतूकदाराकडून वसुली करणार नाही’ असं एन्डॉर्समेंट (जोडकलम) विमा कंपनीकडून लेखी मिळतं का ते विचारा. कारखान्याने नुसतं पत्र देऊन भागत नाही, वसुलीचा हक्क विमा कंपनीचा असतो. ते मिळत नसेल तर करारात दहापटीची मर्यादा लिहून घ्या, किंवा जादा जोखमीचा दर मागा. बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती) कोण फाडतं हेही पाहा. दुसऱ्या ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर तुमची गाडी धावत असेल तर कायद्याने वाहतूकदार तो ठरतो, पण तो ती रक्कम तुमच्या भाड्यातून कापतो.

तरीही सही करावीच लागली, तर ४२ हजारांची पॉलिसी घ्या, पण मजकूर वाचून. ही पॉलिसी बहुतेक ठिकाणी गाडीला आग लागली किंवा गाडीला अपघात झाला तरच मालाचे पैसे देते. कॉईलच्या धंद्यात नेमकं इथेच अडतं. घाटात जोरात ब्रेक लागला, साखळी तुटली, कॉईल पाचरीवरून घसरून रस्त्यावर पडली आणि गाडीला खरचटलंही नाही, तर ‘गाडीला अपघात नाही’ म्हणून दावा परत येतो. पावसात फाटक्या ताडपत्रीतून पाणी जाऊन पत्रा गंजला तरी तेच. चोरी आणि ड्रायव्हरने माल परस्पर विकणं बऱ्याच पॉलिसींत धरलेलं नसतं. ही चार नावं एजंटला एका ईमेलमध्ये लिहा आणि प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मागा. एका अपघाताची मर्यादा १५ लाख ठीक आहे. वर्षभराची मर्यादाही तेवढीच असेल तर दुसऱ्या अपघाताला फारसं काही उरणार नाही, ती निदान दुप्पट मागा.

आणि ओव्हरलोड. काटा पावतीवर मंजूर वजनापेक्षा जास्त दिसलं की आरटीओचा दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पण विम्याच्या दाव्यात तीच पावती तुमच्याविरुद्ध पुरावा होते. मार्केटमध्ये दोन टन जास्त टाकून देण्याची पद्धत आहे हे मान्य, पण या पॉलिसीसोबत ती परवडणार नाही.

२०२३ च्या तीन गाड्यांना फुल इन्शुरन्स लागणारच, बँक सोडणार नाही. तिथे प्रीमियम कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) खाली आणतात, ते करू देऊ नका. गाडी पूर्ण गेली तर पैसे आधी बँकेला जातात आणि उरलेलं कर्ज तुम्ही फेडता. चासी घेऊन बॉडी वेगळी बांधली असेल तर तिचं बिल देऊन ती किंमत आयडीव्हीत धरली आहे का ते पाहा. ‘आयएमटी २३’ हे जोडकलमही घ्या. ते नसेल तर मालवाहू गाडीचे दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेट आणि रंग यांचे पैसे गाडी पूर्ण गेल्याशिवाय मिळत नाहीत. २०१९ च्या दोन गाड्यांचाही फुल इन्शुरन्स चालू ठेवा.

२०१३ च्या दोन गाड्यांचा स्वतःच्या नुकसानीचा भाग, तुमच्या कोटप्रमाणे ३४ हजार, सोडायला हरकत नाही. दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिकवरही ५० टक्के. २ लाखांच्या दुरुस्तीत १ लाख ४० हजारांचे भाग असतील तर त्यातले ७० हजार तुमच्याच खिशातून जातात. गाड्या रात्री रस्त्यावर उभ्या राहत असतील तर थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरीचं कव्हर मिळतं का विचारा.

ड्रायव्हर आणि क्लीनरची जबाबदारी सातही पॉलिसींवर माणसं मोजून लिहून घ्या. कर्मचारी भरपाई कायद्यात, ज्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तीस वर्षांच्या ड्रायव्हरचा मृत्यू झाला तर महिना १५ हजारांची वेतनमर्यादा धरून भरपाई सुमारे १५ लाख ६० हजार होत असे. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचा अवजड वाहनाचा परवाना ऑनलाइन तपासा. आठ वर्षांवरच्या गाड्यांचं फिटनेस दरवर्षी लागतं, त्याची आणि परमिटची तारीख भिंतीवर लावा. परमिट नसलेल्या गाडीचा अपघात हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय. अशा वेळी विमा कंपनी आधी पैसे भरते आणि मग ते मालकाकडून वसूल करते.

आता ते ५ लाख. अपघातानंतर सर्व्हे, गॅरेज आणि मंजुरी यांत गाडी महिना-दोन महिने उभी राहते. बुडालेलं भाडं विमा देत नाही आणि हप्ता थांबत नाही. तीन गाड्यांचे दोन महिन्यांचे हप्ते ४ लाख ८ हजार होतात. एवढी रक्कम चालू खात्यातून काढून वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा. ती धंद्याच्या उलाढालीत मिसळू नका.

म्हणून माझं मत असं, आठवी गाडी या वर्षी नको. वाढ हवीच असेल तर २०१३ ची एक गाडी विका, तिचे पैसे डाऊन पेमेंटला लावा आणि सातातली एक नवी करा. विकायचीच असेल तर तिची सध्याची पॉलिसी संपण्याआधी विका आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र घ्या. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्याच प्रकारच्या नव्या गाडीवर तो तीन वर्षांपर्यंत वापरता येतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवस उलटले तर तो जातो. गाडीचा ताबा देण्याआधी पनवेल आरटीओत नाव बदलण्याचे कागद दाखल झाले आहेत याची खात्री करा. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत त्या गाडीने केलेल्या अपघाताची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येईल.