ऑर्लिस्टॅट घेताना फॅट बंद करू नका, तिन्ही जेवणांत वाटून घ्या

तुम्ही लिहिले आहे की डॉक्टरांनी वजन कमी करण्यासाठी ऑर्लिस्टॅट १२० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू करून दोन आठवडे झाले, सकाळी आणि दुपारी तुम्ही जवळजवळ बिनतेलाचे खाता, रात्री घरच्यांबरोबर नेहमीसारखे जेवता, आणि तरीही तेलकट शौच, अचानक येणारी घाई आणि कपड्यांवरचे डाग यांनी जीव नकोसा झाला आहे. आता फॅट पूर्णच बंद करावे की गोळी सोडावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी हे औषध चौदा महिने घेतले आहे आणि पहिल्या महिन्यात माझेही जेवण अगदी असेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या मते या दोन्हींपैकी काहीच करण्याची गरज नाही. तुमचे दिवसभराचे फॅट एकाच जेवणात गोळा झाले आहे, ते तीन ठिकाणी वाटायला हवे.

वजनाच्या सगळ्या औषधांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. भूक कमी करणारी औषधे वेगळ्या मार्गाने काम करतात. ऑर्लिस्टॅटचे काम फक्त आतड्यात चालते. खाल्लेले फॅट शरीरात शोषले जाण्यासाठी लायपेज नावाच्या पाचक एन्झाइमने त्याचे आधी तुकडे व्हावे लागतात. हे औषध जठरातल्या आणि स्वादुपिंडातून येणाऱ्या लायपेजला निकामी करते, त्यामुळे जेवणातले साधारण ३० टक्के फॅट न पचता शौचावाटे बाहेर पडते. साठलेली चरबी ते वितळवत नाही आणि साखर किंवा पिठूळ पदार्थांच्या कॅलरी अडवत नाही.

आता तुमच्या ताटाचा हिशेब करू. या औषधासोबत एकूण कॅलरींपैकी सुमारे ३० टक्के कॅलरी फॅटमधून याव्यात आणि ते फॅट तीन मुख्य जेवणांत विभागलेले असावे, असे सांगितले जाते. समजा तुमचा आहार १५०० कॅलरींचा आहे; तर ४५० कॅलरी फॅटच्या झाल्या, आणि १ ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असल्याने दिवसाला ५० ग्रॅम, म्हणजे दर जेवणाला सोळा-सतरा ग्रॅम. हे ५० ग्रॅम तुम्ही रात्री एकदम खाल्ले, तर त्यातले सुमारे १५ ग्रॅम न पचलेले तेल एकाच वेळी आतड्यातून खाली सरकते. हे जवळजवळ तीन लहान चमचे तेल झाले. तेच तीन जेवणांत वाटले, तर प्रत्येक वेळी एका चमच्याएवढेच उरते आणि ते बाकीच्या मळात, विशेषतः तंतुमय पदार्थ पुरेसे असतील तर, मिसळून जाते. दिवसाची बेरीज तीच राहते, त्रास मात्र पुष्कळ कमी होतो.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ज्या जेवणात फॅट नसते, त्या जेवणाला ही गोळी घ्यायचीच नसते, कारण अडवायला काही नसते. जवळजवळ बिनतेलाच्या नाश्त्यासोबत घेतलेली तुमची सकाळची गोळी बहुतेक वाया जात होती. जेवण चुकले तरी गोळी सोडायची, आणि सुटलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायची नाही. घेण्याची वेळ म्हणजे जेवणाच्या लगेच आधी, जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात.

‘आज बाहेर जेवायचे आहे, तेवढी एक गोळी सोडू’ हा विचार माझ्याही मनात अनेकदा आला, पण त्यावर भिस्त ठेवू नका. औषध पूर्ण बंद केल्यानंतरही शौचातले फॅट पूर्ववत व्हायला ४८ ते ७२ तास लागतात. याच कारणाने आज सकाळच्या त्रासाचा दोष आजच्या नाश्त्याला देऊ नका. तो बहुधा काल किंवा परवाच्या जेवणाचा असतो. वहीत तीन दिवसांचे मागचे जेवण लिहिलेले असले की कारण चटकन सापडते.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो तेल मोजण्याचा. एक आठवडा मी नेहमीच्या सवयीने जेवढे तेल ओतले असते तेवढे आधी वाटीत काढले आणि मग लहान चमच्याने मोजले. मी दोन चमचे समजत होते, ते दर वेळी साडेचार-पाच निघत होते. एका लहान चमच्यात साधारण साडेचार ते पाच ग्रॅम फॅट असते, मग ते कोणतेही ‘आरोग्यदायी’ तेल असो. ३० ग्रॅम बदामांत जवळजवळ १५ ग्रॅम, म्हणजे एका जेवणाचा बहुतेक वाटा असतो. तेवढ्याच चीजमध्ये १० ग्रॅमच्या आसपास, आणि एका अंड्यात ५ ग्रॅम. बदाम वाईट आहेत असे मी म्हणत नाही, पण ते जेवणाच्या मध्ये मूठभर न खाता जेवणाच्या हिशेबात घ्यावेत. पाकिटावर दर १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम किंवा त्याहून कमी फॅट असेल तर तो पदार्थ कमी फॅटचा धरता येतो. मात्र साखरेचा आकडाही पाहा, कारण फॅट काढून साखर वाढवलेल्या पदार्थावर ही गोळी काहीच करू शकत नाही.

फॅट पूर्ण बंद करू नका म्हणण्यामागे जीवनसत्त्वांचेही कारण आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे फॅटमध्ये विरघळतात आणि या औषधामुळे त्यांचे शोषण आधीच घटते. मल्टिव्हिटॅमिन घ्यायचे ठरले, तर ते ऑर्लिस्टॅटपासून किमान दोन तास दूर, सोयीचे म्हणजे झोपताना घ्यावे.

आता जे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये ते सांगते. थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन घेत असाल तर दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर लागते. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध, सायक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते औषध), फिट्सची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर तपासण्या किंवा मात्रा बदलावी लागू शकते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना तीव्र जुलाब झाले तर दुसरा उपायही वापरावा लागतो. गरोदरपणात, पित्तप्रवाह अडलेला असताना किंवा अन्नशोषणाचा जुना विकार असताना हे औषध घेत नाहीत. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, सर्वांगाला खाज सुटणे, भूक मरणे यांपैकी काही दिसले तर गोळी थांबवून लगेच दाखवा. यकृताची गंभीर इजा अतिशय दुर्मीळ आहे, पण नोंदली गेलेली आहे. मुतखड्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर तेही आवर्जून सांगा.

बारा आठवड्यांनंतर सुरुवातीच्या वजनाच्या किमान ५ टक्के घट झाली का, हे डॉक्टर पाहतात आणि तेवढी नसेल तर सहसा औषध पुढे चालवत नाहीत. तुमचे दोनच आठवडे झाले आहेत, तेव्हा ताट बदलून पाहायला पुरेसा वेळ हातात आहे. तुमच्या रात्रीच्या जेवणात काय काय असते ते प्रमाणासह लिहिलेत, तर कशातून किती ग्रॅम येतात आणि त्यातले काय सकाळ-दुपारकडे हलवता येईल, ते मी बसून मांडून देईन.