साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हिमालयन ४५०च्या टेस्ट राइडमध्ये काय पारखावं?

तुम्ही रत्नागिरीत राहता, आतापर्यंत दीडशे सीसीची गाडी चालवलीत आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० अर्धा तास चालवायला मिळणार आहे. माझं ऐकाल तर हायवेवर पाचच मिनिटं घालवा. ऐंशीच्या वेगात ही गाडी कुणालाही आवडते. १९६ किलो वजन कळतं ते दहाच्या वेगात.

नेहमीचेच बूट घालून जा आणि सीट खालच्या खाचेत, म्हणजे ८२५ मिमीवर आहे ना ते आधी विचारा. वरच्या खाचेत ती ८४५ होते. इंजिन बंद ठेवून गाडी थोडी मागे-पुढे ढकलून बघा. दोन्ही चवडे टेकले तरी पुरतं. मात्र आपल्याकडे घरांच्या वाटा उतरत्या असतात. अशा ठिकाणी गाडी तोंड खाली करून लावलीत, तर एकट्याने मागे ओढणं कठीण. तोंड चढाकडे ठेवा, पहिला गिअर टाकून ठेवा.

पाय नीट पोचावेत म्हणून मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सैल करायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. मागची बाजू बसली की हेडलाइट वर बघतो, वळणात गाडी बाहेर पळते आणि साइड स्टँड लांब पडून गाडी जवळपास सरळ उभी राहते. मग जराशा धक्क्याने उजवीकडे कलंडते. त्यापेक्षा कमी उंचीची सीट बसवलेली बरी.

मग आरे-वारेच्या किनाऱ्यालगतच्या घाटरस्त्याला न्या. चढावरच्या तीव्र वळणात दुसरा गिअर ठेवून वेग उतरू द्या. तीन हजार आरपीएमच्या खाली इंजिन अडखळतं, कारण ४० एनएमचा पूर्ण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ५५०० ला मिळतो. तिथे पहिला टाकावा लागतो. क्लच अर्धा दाबून ओढत राहू नका, प्लेटी जळतात. ही सवय तुम्हाला जमेल का, हे त्याच वळणावर ठरवा. पुढचं चाक २१ इंची, त्यामुळे वळणाची सुरुवात जरा सावकाश होते. तो दोष नाही; खड्ड्यांवरून तेच चाक आरामात जातं.

खडीच्या उतारावर मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करून एकदा बघा. चालू असला की तो ब्रेक सारखा सोडतो आणि गाडी पुढे सरकत राहते. जेटीच्या शेवाळलेल्या रँपवर मात्र तो चालूच असू द्या.

फुटरेस्टवर उभे राहिल्यावर हँडलसाठी वाकावं लागतंय का, आणि इंजिन थंड करणारा फॅन सुरू झाल्यावर नडगीला किती गरम लागतं, तेही बघा.

बुकिंगआधी ट्यूबलेस स्पोक चाकंच, म्हणजे टायरमध्ये ट्यूब नसलेली तारांची चाकंच, मागा. ट्यूबवाल्या चाकाचं पंक्चर काढायला चाक उतरवावं लागतं, आणि गुहागरकडून रात्री परतताना उघडं दुकान सापडेलच असं नाही.