शेतकऱ्यांचे व्हिडिओ आणि सहा लाखांची ठेव

प्रश्न : तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार मला भुरी, डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांचे आणि छाटणीचे व्हिडिओ पाठवतात. मी ते यूट्यूबवर टाकते. ११ हजार सबस्क्रायबर आहेत. १९ हजारांची नोकरी सोडून, ६ लाखांची ठेव मोडून अ‍ॅप काढू का?

ताई, नोकरी सोडू नका आणि ठेवीला हात लावू नका. चॅनेल मात्र जरूर चालू ठेवा.

तुमचा हिशेब दोनदा पाहिला. चॅनेलमधून फळछाटणीच्या ऑक्टोबरात साडेसात हजार मिळाले, मे महिन्यात चौदाशे. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा आपल्याला मिळतो, शॉर्ट्सचा ४५. पण १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यात काहीच येत नाही. घराचा हप्ता तेवढा थांबत नाही. (ही कमाई शेतीची नव्हे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते.)

मला जास्त धास्ती वेगळीच वाटते. दुसऱ्याचे व्हिडिओ जसेच्या तसे टाकले तर यूट्यूब कमाई बंद करू शकतं, पाठवणाऱ्याची परवानगी असली तरी.

तुम्ही लिहिलंय, की जेवणं उरकल्यावर दीड तास एकेकाला फोन लावून औषध कुठलं, किती लिटर पाण्याला, हे विचारता. एकाने २०० लिटरचं प्रमाण १०० लिटरला सांगितलं होतं, ते तुम्ही टाकण्याआधी पकडलंत. लोक तुमच्याकडे येतात ते या खात्रीसाठी. व्हिडिओ फुकट येतो, खात्री फुकट होत नाही. अ‍ॅपवर व्हिडिओ दहापट आले तर हे फोन कोण करणार? पंधरा हजारांवर दोन माणसं ठेवलीत तरी वर्षाचा पगारच ३ लाख ६० हजार. अ‍ॅप बनवण्याचा आणि चालवण्याचा खर्च वेगळा.

त्यापेक्षा या हंगामात शेतकऱ्याची क्लिप थोडीच घ्या आणि बागेत उभं राहून स्वतः समजावून सांगा. माइक, ट्रायपॉड पगारातून घ्या. रोपवाटिका, ठिबकवाले यांच्याशी हंगामाचा ठरावीक दर बोला आणि व्हिडिओत ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. औषधवाल्यांचे पैसे मात्र मी तरी घेऊ देणार नाही. ज्या दिवशी डोस कोणाच्या पैशावर सांगितला जातोय अशी शंका येईल, त्या दिवशी बागायतदार व्हिडिओ पाठवणं बंद करतील.

एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंतचा हिशेब मला पाठवा, सगळ्यात कमी मिळालेल्या महिन्यासकट. त्या महिन्यात निम्म्या पगाराएवढे जरी सुटले असतील, तर नोकरीचं पुन्हा बोलू.