अजिंक्यताऱ्यावरून मोबाइलने सूर्यास्त काढला की आभाळ पांढरंफट्ट येतं. एडिटिंगमध्ये रंग परत आणता येतील का?

नाही, आभाळ एकदा पांढरं जळालं की ते रंग एडिटिंगमध्ये परत येत नाहीत. फोटो काढतानाच उजेड कमी करावा लागतो. सूर्यावर नको, त्याच्या शेजारच्या केशरी भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होऊ द्या आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. कारण साधं आहे: जेपेगमध्ये (फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये) लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाच्या 0 ते 255 अशा पायऱ्या असतात, आणि तिन्ही रंग 255 ला टेकले की तिथे माहितीच उरत नाही. अंधारात मात्र बरंच काही लपलेलं असतं, म्हणून डोंगर काळे आले तरी नंतर 'शॅडो' वाढवून थोडे उजळतात. फार ताणलंत तर दाणे दिसतात. फोनमध्ये रॉची (प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलची) सोय असेल तर ती वापरा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) ऑटोवरून डेलाइटवर न्या (ऑटो कधीकधी संध्याकाळचा केशरी रंगच 'दुरुस्त' करून टाकतो!) आणि सॅच्युरेशनला (रंगांच्या गडदपणाला) शक्यतो हात लावू नका, सूर्याभोवती लाल डाग पडतो.

मांडणीचं म्हणाल तर क्षितिज सरळ आणि खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. डिसेंबरात सूर्य नैऋत्येला, साधारण सज्जनगडाच्या अंगाला उतरतो, तेव्हा डोंगरांची कड छान मिळते. फक्त समोर माणूस उभा असेल तर उजेड कमी करण्याची युक्ती चालणार नाही, चेहरा काळाच येईल. तिथे एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणारी सोय) किंवा फ्लॅश लावा.