मुलं चाळीस, रॅकेटी सहा आणि जुन्या शटलांची पिशवी: पीटीच्या तासाला काय करता येईल?

तुमचा प्रश्न असा: प्राथमिक शाळा, एका वर्गात चाळीस मुलं, बॅडमिंटनच्या रॅकेटी सहाच, एका क्लबने देऊन टाकलेली शंभरेक वापरलेली शटलं, आणि जून ते सप्टेंबर मैदानाचा चिखल. मी गोव्यात डिचोली तालुक्यात सोळा वर्षं पीटी घेतोय. पहिल्या वर्षी माझ्याकडेही साधारण एवढंच होतं. तेव्हा मी केलं ते तुम्ही करू नका. सहा पोरांच्या हातात रॅकेटी दिल्या आणि बाकीची रांगेत उभी केली. तास संपेपर्यंत एकेकाच्या वाट्याला चार-पाच फटके आले, त्यातले निम्मे हवेत. रांगेत मात्र मारामारी जोरात झाली.

रॅकेटी सध्या कपाटात राहू द्या. शटल हाताने वापरा. (आमची पोरं त्याला फूलच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

फुलाचा गुण असा की ते मुलाला वेळ देतं. वजन जेमतेम ५ ग्रॅम, नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५०, आणि मागे सोळा पिसांचा घेर. हा घेर हवा अडवतो, म्हणून फूल जोरात सुटतं आणि लगेच मंदावतं. आपला बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा, म्हणजे डोक्यावरून खाली हाणलेल्या फटक्याचा, २०२३ मधला विक्रम ताशी ५६५ किलोमीटरचा आहे, पण तो वेग फूल रॅकेटवरून सुटतानाचा. पलीकडे पोचेपर्यंत त्यातला बराचसा हवेतच जिरतो. शिवाय वजन पुढच्या बुचात असल्यामुळे कसंही भिरकावलं तरी ते बूच पुढे करून येतं. कुठे पडणार ते मुलाला आधी दिसतं.

दुसरा गुण मला तर जास्त मोलाचा वाटतो. बॉल हुकला की तो गटारात, नाहीतर शेजारच्या भाटात (माडांच्या बागेत), आणि पोर त्याच्यामागे. फूल पडलं की तिथेच बसतं. लोळलंच तर एका बाजूला निमुळतं असल्यामुळे जागच्या जागी गोल फिरतं. एका तासात मुलाचे हात किती वेळा हलले हे मोजून बघा, फरक लगेच कळेल. तिसरीतली एक मुलगी बॉल अंगावर आला की डोळे मिटून घ्यायची. फुलाला ती घाबरली नाही. पहिले दोन दिवस ‘सर, म्हाका मेळूंक ना’ (मला मिळालं नाही) चाललं होतं, नंतर टाळी वाजवून झेलायला लागली.

सगळ्यात जास्त वेळ फेकण्याला द्या. आपल्याकडची पोरं फुटबॉलवर वाढतात. पाय छान चालतात, पण खांद्यावरून काही फेकायला सांगितलं की नुसतं मनगट झटकतात. बॉल असला की हे खपून जातं, कसाही फेकला तरी तो दूर जातो. फूल ऐकत नाही. आळसाने टाकलं तर दोन पावलांवर पडतं. ते लांब जावं म्हणून मूल आपसूक आडवं उभं राहतं, कोपर वर नेतं, कंबर फिरवतं. फक्त एक सांगावं लागतं: उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे. बूच तीन बोटांत धरायचं, पिसं मागे. पुढे रॅकेट हातात आली की डोक्यावरचा फटका हाच असतो.

यासाठी पडवीत किंवा वर्गातली बाकं सारून मुलांच्या डोक्यापेक्षा वर दोरी बांधा. दोन्हीकडे निम्मी मुलं, निम्मी फुलं. शिटी वाजली की आपल्या अंगणातली फुलं पलीकडे टाकायची, मिनिटाने थांबायचं, ज्यांच्याकडे कमी ती बाजू जिंकली. चाळीसही मुलं एकाच वेळी हलतात. एक नियम कडक ठेवा: फूल दोरीवरूनच जायचं, कुणाच्या तोंडाच्या दिशेने नाही. ते एवढं लहान असतं की थेट डोळ्याच्या खोबणीत बसू शकतं. याबाबतीत मी गंमत चालवून घेत नाही.

बाकीचं थोडक्यात. जोडीतल्या एकाने दोन्ही हात खांद्याइतके पसरून दोन फुलं धरायची आणि न सांगता एक सोडायचं, समोरच्याने जमिनीला लागायच्या आत पकडायचं. जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. कान, डोळा, पाय सगळं जागं होतं. दुसरं, फुलं पिसांवर उभी करून कोपऱ्यांत मांडा, एकेक उचलून मधल्या रिंगणात आणायचं. उचलताना एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं, कमरेतून नाही. हे दोन्ही पायांनी करून घ्या, नाहीतर उजवाच पाय पक्का होतो.

उघड्यावर हे दुपारी करू नका. समुद्रावरचं खारं वारं सुटलं की फूल भलतीकडेच जातं. सकाळचा पहिला तास बरा. मोडक्या पिसांची फुलं टाकून देऊ नका, ती वेडीवाकडी येतात आणि चौथी-पाचवीला त्यातच मजा वाटते. जागतिक बॅडमिंटन महासंघाचा ‘शटल टाइम’ हा शाळांसाठीचा पाठ्यक्रम फुकट मिळतो, तोही बघा. पोरांना ओढ लागावी म्हणून मी मूळ गोव्याच्या तनिशा क्रास्टोचं नाव सांगतो, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती अश्विनी पोनप्पाबरोबर बॅडमिंटन दुहेरीत खेळली. फुटबॉलवाली पोरंसुद्धा कान टवकारतात.

त्या सहा रॅकेटी महिनाभराने काढा. दाभणाने बुचाला आरपार भोक पाडून दोरी ओवा, खाली गाठ मारा आणि सहा फुलं पडवीच्या वाशाला टांगा, मुलाने हात वर केल्यावर पोचतील एवढी. सहाजणांनी टांगलेल्या फुलाला मारायचं, बाकीच्यांची फेकाफेक चालूच. दोन मिनिटांनी बदली. फुलाला दोरी असल्यामुळे ते परत येतं, आणि कुणाला आणायला पळावं लागत नाही.