कपिलचे १७५ तुमच्या साळ्यानं पाहिले नाहीत

‘जुना खोका’: वाचकांचे प्रश्न आणि दारव्हा तालुक्यातल्या एका रेडिओ-टीव्ही मिस्त्रीची उत्तरं

“माझा साळा म्हणतो, १९८३ ला कपिल देवनं झिम्बाब्वेला धुतलं ते त्यानं पाटलाच्या वाड्यात टीव्हीवर बसून पाहिलं. मी म्हणतो, शक्य नाही. मटणाची पैज लागली आहे. तुम्हीच निकाल द्या.” (एक वाचक, दिग्रस)

मटण साळ्याकडून. ती मॅच पाटलाच्या वाड्यातच काय, कोणाच्याही टीव्हीवर दिसली नाही. १८ जून १९८३, इंग्लंडमधलं टनब्रिज वेल्स नावाचं छोटं गाव. गावस्कर शून्यावर गेला, श्रीकांत शून्यावर गेला, धावफलक ५ बाद १७. तिथून कपिल नाबाद १७५, तेव्हाचा एकदिवसीय सामन्यांतला विक्रम. नवव्या विकेटसाठी किरमाणीला सोबत घेऊन १२६ जोडल्या, त्यात किरमाणीच्या स्वतःच्या २४. साठ षटकांचा जमाना होता. आपण ८ बाद २६६ केले आणि ३१ धावांनी जिंकलो. पण मैदानात कॅमेराच नव्हता. बीबीसीत संप होता असं सांगतात. कारण काही असो, त्या खेळीचं चित्रीकरण नाही.

मग साळ्याला जे दिसते ते कुठून आलं? २५ जूनची वेस्ट इंडीजविरुद्धची फायनल दूरदर्शननं दाखवली होती, ती त्यानं कुठंतरी पाहिली असेल. पेपरातला फोटो पाहिला असेल. शिवाय २०२१ साली त्या वर्ल्डकपवर हिंदी सिनेमा आला, त्यात ती खेळी नटांकडून पुन्हा खेळवून घेतली आहे. जुन्या कॅसेटवर नवं गाणं भरलं की मागचं थोडं ऐकू येत राहते, तसं डोक्यात होते. माझ्याकडं येणाऱ्या पत्रांत निम्म्या भानगडी याच जातीच्या असतात. ऐकलेलं सारं लोकांनी पाहिलेलं करून टाकलं आहे.

आणि एक तक्रार माझी. टनब्रिज वेल्सवर पैजा लावता, नागपूरवर का लावत नाही? ३१ ऑक्टोबर १९८७, रिलायन्स कप म्हणजे त्या वर्षीचा वर्ल्डकप, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीएचं (विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं) मैदान, समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं केन रदरफोर्ड, इयान स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड असे तिघं ओळीनं काढले. तिघंही बोल्ड! कॅच नाही, एलबी नाही, पंचाला बोट वर करायची गरज पडली नाही. वर्ल्डकपच्या इतिहासातली ही पहिली हॅट्‌ट्रिक. ती आपल्या नागपुरात झाली.

बरं, तेवढ्यावर थांबलं नाही. न्यूझीलंडच्या ९ बाद २२१. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जायचं तर हे लक्ष्य ४२.२ षटकांत गाठायला पाहिजे होतं. गावस्कर, ज्याला जन्मभर लोकांनी ‘संथ’ म्हणून हिणवलं, तो अंगात ताप घेऊन उतरला आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं हे एकमेव शतक. श्रीकांतनं ७५ केले आणि ३२.१ षटकांतच काम आटोपलं. सामनावीराचा मान शर्मा आणि गावस्करला वाटून दिला. दिवस कापूस वेचणीचे होते. आमच्याकडं बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून वेचणी चालली होती, आणि तिसरा दांडा उडाला तेव्हा ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्या बायाही “काय झालं गा, काय झालं?” म्हणून उठून उभ्या राहिल्या. तेही ऐकलेलंच. पण आमच्या गावात आज विचारा, प्रत्येक जण नागपूरच्या स्टँडात बसलेला होता.

“आमच्या गावात १९८७-८८ ला रविवारी सकाळी लाइन क्वचितच राहायची. तरी सगळ्यांना ‘रामायण’ पाहिल्याचं आठवते. हे कसं जमलं?” (एक शिक्षिका, आर्णी)

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, बाई. हे पाहिल्याचं मात्र खरं आहे, कारण त्या वायरी मी स्वतः जोडून दिल्या आहेत.

चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्हीच्या मागं बारा व्होल्टचं एक छोटं भोक असायचं. घरात लाइन असली तरी टीव्ही आतून २३० व्होल्ट उतरवून बारावरच चालायचा, म्हणून बॅटरी थेट लावता यायची. शटरवाला मोठा लाकडी टीव्ही ज्यांच्या घरी, त्यांची या बाबतीत पंचाईत. बड्या घरचा वीस इंची बंद आणि सालदाराच्या घरचा चौदा इंची चालू, हा उलटा न्याय आम्ही पाहिला. बॅटरीचा लाल चिमटा काळ्या जागी लागला की आतला ३०५५ नंबरचा ट्रान्झिस्टर जळायचा. सोमवारी दुकान उघडलं की असे दोन-तीन टीव्ही ओट्यावर ठेवलेले, आणि मालक म्हणणार, “काही केलं नाही भाऊ, आपोआप बंद पडला.” मी मागचं झाकण न उघडता नुसता वास घेऊन सांगायचो. शिवाय तासभर टीव्ही चालवून उतरलेल्या बॅटरीवर ट्रॅक्टर सुरू होत नसे, मग ज्यांनी फुकट ‘रामायण’ पाहिलं त्यांनीच धक्का मारायचा, असा आमच्या गावचा अलिखित कायदा होता.

तारखा विचारणारी बरीच पत्रं आहेत, त्यांचंही इथंच सांगून टाकतो. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८. ठरले होते ५२ भाग, झाले ७८. चित्रीकरण गुजरातेत उंबरगावला, आपल्या महाराष्ट्राच्या सीमेला लागून. पाठोपाठ बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’, २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग. त्यातला ‘समय’ म्हणजे हरीश भिमाणी यांचा आवाज. संवाद लिहिले राही मासूम रझा यांनी. आणि कृष्ण झालेले नितीश भारद्वाज हे शिक्षणानं गुरांचे डॉक्टर. ही शेवटची माहिती मी पारावर सांगितली तेव्हा एक बुढा म्हणाला, “म्हणूनच गाई त्याच्या मागं जात.” त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

अँटिनाबद्दल दोन शब्द, कारण बाईंनी तो विचारला नसला तरी खरा घोर त्याचाच होता. १९८४ साली देशात जवळपास रोज एक या वेगानं प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, पण बहुतेक लघुशक्तीची. शंभर वॅटचं केंद्र, पंधरा-वीस किलोमीटरपलीकडं पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मग तीस फुटी पाइप, त्यावर अँटिना, त्याखाली बूस्टर. एक पोट्टं माळवदावर, एक अंगणात, एक टीव्हीपुढं. “आलं?” “थोडं फिरव!” “गेलं! गेलं!” एवढं करून बसावं तर काळतोंड्या वानरांची टोळी यायची आणि त्यांतला हुप्प्या नेमका अँटिनावर बसायचा. वाकलेल्या दांड्या सरळ करण्यावर माझा पावसाळा निघायचा. वानराची कृपा, दुसरं काय.

“आजोबांच्या पेटीत पोस्टाची तिकिटं आणि शिक्के असलेलं एक छोटं पुस्तक सापडलं. आजी म्हणते, ते रेडिओचं आहे. रेडिओला पुस्तक कशाला?” (एक कॉलेजकुमार, नेर)

आजी बरोबर आहे. ते लायसन आहे. रेडिओ घरात ठेवायचा तर सरकारला वर्षाला पैसे भरावे लागत, साध्या घरगुती सेटला पंधरा रुपये. पोस्टात जायचं, पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. टीव्हीलाही होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सगळं रद्द झालं, त्यामुळं तुमच्या वडिलांनाही नीट आठवणार नाही. लायसन संपलं आणि तपासणीची आवई उठली की रेडिओ कणगीत जायचा. ज्वारीत बुडालेले रेडिओ मी बरेच साफ केले आहेत. पुस्तक फेकू नका. शेवटचा शिक्का कोणत्या वर्षाचा आहे ते मला कळवा.

त्याच रेडिओबद्दल वर्ध्याच्या एका वाचकानं विचारलं आहे की रात्री दूरची स्टेशनं लागायची आणि दिवसा का नाही. दिवसा उन्हामुळं आकाशात खालच्या बाजूला विजेच्या कणांचा एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून तर १८ मे १९८८ ला आकाशवाणीनं रात्रीचं राष्ट्रीय प्रसारण सुरू केलं तेव्हा त्याचं १००० किलोवॅटचं प्रक्षेपक नागपुरात बसवलं, देशाच्या मधोमध. १५६६ किलोहर्ट्झ. ओलिताला रात्रपाळी असलेल्या माणसाला तो मोठा आधार होता. आता ते प्रसारण बंद आहे.

एका दमात

दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ कार्यक्रमाला स्पर्धेचं उत्तर पाठवायचं पोस्टकार्ड महाग का झालं? लोकांनी पंधरा पैशांच्या कार्डावर पोस्ट खातं बुडवायला घेतलं होतं. एका आठवड्यात १४ लाखांवर पत्रं गेली. मग खात्यानं स्पर्धेसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्डच काढलं. ‘मोगली’तला शेरखान? आवाज नाना पाटेकरांचा. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चाल? अशोक पत्कींची, म्हणजे आपल्या मराठी माणसाची. पहिल्यांदा दाखवलं १५ ऑगस्ट १९८८ ला. ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूचा बाहुला बनवला आणि बोलका केला तो रामदास पाध्ये यांनी. तात्या विंचू माणूस असताना तो आपला चिमणरावच ना, असं आई म्हणते, ते खरं का, हे एका बाईंनी विचारलं आहे. तो दिलीप प्रभावळकर, म्हणजे आपला चिमणराव. होय, तोच. बाई, तुमच्या आईला सांगा, तिचं बरोबर होतं.

“गावात व्हिडिओ यायचा तेव्हा रात्रभर तीन सिनेमे लागत. क्रम कोण ठरवायचं?” (एक वाचक, वणी)

वर्गणी ज्याची जास्त तो. पण प्रत्यक्षात क्रम बुढ्या ठरवत. पहिला देवाधर्माचा, कारण त्यांना झोप यायची. दुसरा मराठी: दादा कोंडके, नाहीतर १९८५ चा ‘धुमधडाका’, पुढं १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. मध्यरात्रीनंतर मारामारीचा, तो पोट्ट्यांसाठी. तोवर आवाज वाढवायला शेजारपाजारची हरकत नसायची, कारण शेजारपाजार तिथंच बसलेला असायचा.

टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी दारव्ह्याहून यष्टीच्या टपावर नाहीतर बैलगाडीत कडबा टाकून त्यावर यायच्या. सोबत भाड्यानं देणाऱ्याचा एक पोऱ्या. त्याला यंत्राला हात लावू देत नसत, फक्त लक्ष ठेवायला. चित्र फाटायला लागलं की ट्रॅकिंगचा खटका फिरवायचा. त्यानं नाही भागलं तर हेड, म्हणजे पट्टी वाचणारा भाग, मळलं समजायचं. खरा उपाय स्पिरिट आणि मऊ चामडं. गावठी उपाय म्हणजे कोरी करकरीत नोट हेडावर टेकवणं. काम व्हायचं, पण हेड झिजायचं, आणि दुसऱ्या दिवशी पोऱ्याचा मालक माझ्या नावानं बोटं मोडायचा.

१९९१ ला ‘माहेरची साडी’ आला आणि क्रमच बदलला. बायांनी सांगितलं, हाच पहिला आणि हाच शेवटचा, मधलं काय लावायचं ते लावा. अलका कुबल रडल्या की आख्खं अंगण रडायचं. तालुक्याच्या टॉकीजला तर बैलगाड्या जुंपून बाया गेल्या. ती गोष्ट मुळात मराठी नव्हे, हे सांगितलं तर आजही माझ्याशी भांडतात. विजय कोंडकेंनी ती ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमावरून घेतली. सासू सगळीकडं सारखीच.

नवा सिनेमा आपल्याकडं उशिरा का, हेही वणीकरांनीच विचारलं आहे. सिनेमाच्या धंद्यात विदर्भ मुंबईत मोडतच नव्हता. आपला इलाखा ‘सी. पी.-बेरार’, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, वितरकांची कचेरी अमरावतीला. मोजक्या प्रिंटा. त्या आधी नागपूर, अमरावती, अकोला अशा फिरायच्या, मग तालुका, मग जत्रेतला तंबू. तंबूत येईस्तोवर प्रिंटीला इतके जोड बसलेले असत की मारामारीत खलनायक उडायचा एकीकडं आणि पडायचा भलतीकडं. आम्हाला तसाच आवडायचा.

“वडिलांनी भरलेल्या गाण्यांच्या कॅसेटी आहेत. पट्टी पांढरी पडली आहे. वाजवू का?” (एक वाचक, पुसद)

मुळीच नाही. ती बुरशी आहे, हेडाला लागली की दुसऱ्या कॅसेटीतही जाईल. आधी कॅसेट कोरड्या जागी पंधरा दिवस ठेवा, उन्हात नको. मग षटकोनी पेन्सिल चाकात घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गुंडाळा, सुटणारी पांढरी भुकटी मऊ फडक्यानं टिपत जा. तोंडाला रुमाल बांधा. पट्टी कुठं चिकटत असेल तर ओढू नका, तिथंच थांबा. वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या जिभा मोडलेल्या आहेत का ते पाहा. नसतील तर वाजवायच्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हा दुसऱ्या यंत्रात भरून घ्यायची तयारी ठेवूनच वाजवा. अशा पट्ट्या एकदा नीट वाजतात, दुसऱ्यांदा वाजतीलच असं नाही.