दिवाणजी जागचा हलत का नाही?

प्रश्न : माझी पहिलीच कादंबरी आहे. नायक सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. त्याचं बालपण, शिक्षण, आवडीनिवडी यांची बारा पानं टिपणं काढली. तरी तीन प्रकरणं झाली तरी तो पुतळ्यासारखा उभा आहे. शिवाय मैत्रीण म्हणते, सगळी पात्रं तुझ्यासारखीच बोलतात. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बारा पानांत दिवाणजीची माहिती आहे, पण त्याला आत्ता काय हवंय हे कुठेच नाही. ते एका वाक्यात लिहा, आणि मोघम लिहू नका. ‘सुखाचं आयुष्य’ चालणार नाही. ‘मुलीच्या लग्नासाठी अक्षय्य तृतीयेच्या आत मालकाकडून दोन लाखांची उचल’ चालेल, कारण त्यात रक्कम, मुदत आणि माणूस तिन्ही आहेत. आता आड काय येतं ते ठरवा. समजा, मालकानं त्याच आठवड्यात वहीतली एक नोंद बदलायला सांगितली. दिवाणजीनं ती बदलली तरी कथा सरकते, नाही बदलली तरी सरकते.

मग ‘तो प्रामाणिक होता’ हे वाक्य खोडा. तोलाईत एक पोतं मोजायचं राहिलं आणि शेतकरी विक्रीच्या हिशेबाची पट्टी घेऊन निघालाय. दिवाणजी त्याला हाक मारतो, की मान खाली घालून वही लिहीत राहतो? वाचक तिथंच त्याला ओळखतो.

वयाचा हिशेब मात्र टिपणांत हवाच, बहुतेक नवे लेखक तो टाळतात. जन्म १९६२ चा असेल तर १९७२ च्या दुष्काळात तो दहा वर्षांचा, २००५ च्या पुरात त्रेचाळीसचा, २०१९ च्या महापुरात सत्तावन्नचा. २००५ ला सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरून हळद गेली, ती त्याला पोत्यांच्या आकड्यांत आठवेल. तेव्हा सात वर्षांच्या असलेल्या त्याच्या मुलीला घरात शिरलेलं पाणी आठवेल. एकाच पुराच्या या दोन आठवणी बापलेकीच्या एखाद्या भांडणात समोरासमोर आणा.

आता बोलणं. दोन पानांचा संवाद घ्या, ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ झाका आणि मोठ्यानं वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर मैत्रिणीचं म्हणणं खरं. यावर उपाय म्हणून प्रत्येकाच्या तोंडी भरमसाट बोली घालू नका, वाचक अडखळतो आणि हमाल तेवढे विनोदी वाटू लागतात. हा त्या माणसांवर अन्याय आहे. प्रत्येकाला दोन-तीन खुणा पुरतात. हमाल ‘आलतो’, ‘गेलतो’ म्हणेल. दिवाणजी आकडा दोनदा उच्चारेल. मालक प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देईल. मुलगी वाक्य अर्धं सोडेल.

याहून मोठं हत्यार आपल्या भाषेत आयतंच आहे : तू आणि तुम्ही. एरवी ‘दिवाणजी, तुम्ही बघा’ म्हणणारा मालक हमालांदेखत ‘अरे, तुला सांगितलं होतं ना?’ म्हणाला, की अपमान झाला. वर ‘त्याला फार वाईट वाटलं’ असं लिहिलंत, तर तो प्रसंग तिथंच विझतो. म्हणून कोण कोणाला काय म्हणतं याचा तक्ता आधीच करा, म्हणजे तो नेमका कुठं मोडायचा हे तुमच्या हातात राहील.

नावंही तपासा. सुरेश, सुनील, सुभाष एकाच घरात असले की वाचक मागची पानं चाळत बसतो. मुख्य चौघांची आद्याक्षरं वेगळी ठेवा.

प्रश्न : गावातल्या खऱ्या माणसावरून पात्र बेतलंय. तो ओळखेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाव बदलून भागत नाही. माणूस ओळखला जातो तो धंदा, घरातली नाती आणि गावभर माहीत असलेली एखादी घटना यांवरून. ही तिन्ही बदला. त्याच्याकडून एकच गोष्ट घ्या, म्हणजे तो राग कसा गिळतो किंवा पैसे कसे मोजतो एवढीच, आणि बाकीचं दुसऱ्या दोन-तीन माणसांकडून आणा. पात्रासाठीही हेच बरं. खरा माणूस जसाच्या तसा घेतला, की कथेला हवं ते त्याच्याकडून करवताना ‘पण तो असं करणार नाही’ म्हणून हात आखडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात लेखन अडतं.